दोनदा उघडलेलं पेव

आमच्या जुन्या वाड्यात ढाळजेमागं एक पेव होतं. आताच्या पोरांनी बघितलेलं नसतं म्हणून सांगतो, जमिनीत खोल खणलेली ज्वारी साठवायची जागा, तोंड बारीक नि आत रांजणासारखी फुगलेली, ज्वारी भरली की वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. त्या पेवात आमच्या आज्जीनं रात्री काढल्यात. १९४८ चा उन्हाळा, निजामाच्या बाजूचे हत्यारबंद रजाकार आसपासची गावं लुटत होते, निम्मं गाव गाड्या जुंपून निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीला गेलेलं, आमची बैलं आधीच ओढून नेलेली म्हणून आमचे लोक राहिले. अंधार पडला की बायकापोरं पेवात. दगड ठेवला तर आत जीव गुदमरतो म्हणून तोंडावर नुसत्या कडब्याच्या पेंढ्या. आज्जी चौदा वर्षांची, नवी नवरी, मांडीवर धाकटा दीर, तो रडायला लागला की सासू त्याच्या तोंडात पदराचा बोळा कोंबायची. आज्जी म्हणायची, "वरचे ऐकत्याल का पोरगं गुदमरंल, दोन्हीचं भ्या."

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्या, हीच ती पोलीस ॲक्शन, १७ ला निजामानं शरणागती पत्करली. शाळेत आम्हाला इथपर्यंतच शिकवलं आणि ते खरंच आहे, ती सुटका होती, आज्जीसाठी तर होतीच.

पण आज्जीची गोष्ट तिथं थांबत नव्हती. पुढच्याच आठवड्यात ते पेव परत उघडलं, शेजारच्या तांबोळ्याच्या घरासाठी. पानं विकणारी माणसं, रजाकारीशी त्यांचं काय देणंघेणं, पण ॲक्शननंतर मुसलमानांच्या घरांवर जमाव फिरायला लागला तेव्हा ते कोण विचारतंय, आणि त्या जमावात आपल्या गावातली चार तोंडंही होती, हे आज्जी आवाज खाली घेऊन सांगायची. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, सगळ्यात जास्त मार बसलेल्या जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद नि नांदेड, आणि तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. त्याच अहवालात हेही आहे की हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, काहींनी त्यात जीव गमावला. मला ही दोन्ही पानं एकत्र वाचलेली हवीत, एक फाडून दुसरं नको.

आमच्याकडं म्हातारी माणसं अजून वय सांगताना "रजाकारात मी एवढा होतो" म्हणतात, आणि तांबोळ्याच्या घरात "ॲक्शनमधी" म्हणतात, वर्ष एकच. आज्जी मरेपर्यंत उशाशी गाठोडं बांधून झोपायची, दिवाळीला फटाका वाजला की आधी दिवा बारीक करायची. आणि १७ सप्टेंबरला तांबोळ्याचं दुकान बंद असायचं, लहानपणी मला वाटायचं झेंड्याची सुट्टी आहे म्हणून.

दरवर्षी पेव उघडताना आज्जी तांबोळ्याच्या बडी अम्माला बोलावणं धाडायची. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत, आत वाईट हवा असते, आधी कंदील सोडून बघतात विझतो का ते. तेवढा वेळ दोघी काठावर बसून राहायच्या, एक शब्द नाही.

बडी अम्मा ॲक्शनमधी आठ वर्षांची होती, आता पंच्याऐंशीची झाली. गेल्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून मी तिच्याकडं गेलो, विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं, चाळीस मिनिटं बोलली. म्हणाली, पेवात धाकटा भाऊ रडायला लागला तशी माझ्या अम्मानं बोळा उचलला, तर तुझ्या आज्जीनं तिचा हात धरला, म्हणाली ह्ये नगं, मी बघितलंय ह्ये, आणि कनवटीचा गुळाचा खडा पोराला चोखायला दिला, चार रात्री गुळावर काढल्या. आज्जीनं मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, पेव हाय का रे अजून. वाडा पाडला तेव्हाच बुजवलं, वर फरशी झालीय, तिथं माझी गाडी उभी असते. तिला हाताला धरून आणलं, गाडी बाहेर काढली, आणि तोंड कुठं होतं ते फरशीवर पायानं दाखवलं. ती तिथंच खाली बसली.