टाकीतली झाडं आणि मे महिना
माशांची दोन फुटी काचेची टाकी म्हणजे साधारण 55 लिटर पाणी. वाळू-दगड धरून वजन पाऊणशे किलोच्या आसपास जातं, त्यामुळे ती टीव्हीच्या शोकेसवर ठेवायची नाही, हे मी घरात आधीच ठणकावलं. लोखंडी स्टँड करून घेतला.

पाण्याखाली वाढणारी झाडं क्रॉफर्ड मार्केटमधून आणली. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून ती काळ्या दोऱ्याने दगडाला बांधली. क्रिप्टोकोरीनची पानं मात्र लावल्यावर आठवडाभरात विरघळून बुळबुळीत झाली. सासूबाई म्हणाल्या, "गेलं गं हे, उपटून टाक." मी फक्त सडकी पानं कातरली, मुळांना हात लावला नाही. जागा बदलली की हे झाड असंच करतं. मग गाभ्यातून नखाएवढं तपकिरी, गुंडाळलेलं पान वर आलं.

मासे महिना-दीड महिन्यानंतर. तोवर फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला हवेत. दुकानदार "आजच न्या" म्हणतोच, ऐकायचं नाही. रविवारी पाव भाग पाणी बदलते, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारूनच.

खरा वैताग मे महिन्याचा. पाणी 31-32 अंशांवर जातं. वरून छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने थोडं उतरतं, पण आपल्या दमट हवेत फार नाही. शेवाळ वाढू नये म्हणून दिवा सहाच तास. झाडं जोमाने वाढावीत म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घे, असं सगळे सुचवतात. आमच्या वन-बीएचकेत स्वयंपाकाचा एक सिलिंडर पुरे आहे.