तुम्ही विचारलंत म्हणून: जुना साइडबोर्ड मी नवाकोरा का करून देत नाही

"मेस्त्री, घासायचं मशीन मारून एकदम नवा करून द्या की. तुम्हालाच का जमत नाही?" शहापूर, खानापूर, निपाणी, कुठूनही गिऱ्हाईक येवो, आजोबांचा साइडबोर्ड, म्हणजे जेवणघरात भिंतीला लावायचं लांबट बुटकं कपाट, टेम्पोतून उतरला की हा प्रश्न येतोच. मी नको म्हटलं की कुणाला वाटतं कामाचा कंटाळा आहे, कुणाला वाटतं पैसे वाढवायचे आहेत. तोंडानं सांगून थकलो, म्हणून एकदा लिहितो.

कामाचा कंटाळा नाही. मशीननं एका दुपारी होणारं काम हातानं करायला मला आठ-दहा दिवस लागतात. आधी मी दाराच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब ठेवतो. चिकट झालं की समजायचं, वरचं पॉलिश चपडा लाखेचं आहे. मग ते खरवडून काढायची गरजच नसते. मळ पुसायचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख मलमलच्या फडक्यात बांधलेल्या कापसाच्या गोळ्यानं पातळ पातळ चढवायची, गोळा अडू नये म्हणून जवसाच्या तेलाचं एखादं बोट लावायचं, आणि वाळू द्यायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावच्या हवेत हे काम घ्यायचंच नाही. ओल धरली की लाख पांढरी पडते.

"हा विलायती आहे काय?" हा दुसरा प्रश्न. घाट विलायती, हात बहुतेक वेळा इथला. इंग्रजांच्या जेवणघरात आधी भिंतीला लावलेलं नुसतं टेबल असायचं, वाढायच्या वस्तू ठेवायला. 1760 नंतर रॉबर्ट ॲडम या वास्तुकारानं त्याच्या दोन्ही बाजूंना खांबासारखी दोन कपाटं उभी केली, वर कलश ठेवले. कपाटात ताटं गरम ठेवायची सोय, बाटल्यांची सोय. पुढं कारागिरांनी टेबल आणि कपाटं एकातच जोडली. हेपलव्हाइट या इंग्रज फर्निचर कारागिराच्या नमुन्यांचं पुस्तक 1788 मध्ये, तो गेल्यावर, त्याच्या बायकोनं छापलं. त्यातले साइडबोर्ड बारीक पायांचे आणि पोट काढलेले आहेत. बाजूचा खोल खण बाटल्यांचा, कधी आतून शिशाचा पत्रा मारलेला. मागं पितळी दांडी असली तर ती पडद्यासाठी, भिंतीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून. व्हिक्टोरिया राणीच्या काळात पाय गेले, दारं जमिनीपर्यंत आली, मागं मोठा आरसा चढला, द्राक्षांचे घोस कोरले गेले. 1930 च्या आसपास आरसा आणि कोरीवकाम दोन्ही उतरलं, कडा गोल झाल्या, वर सुंदर रेषांच्या लाकडाचा पातळ पापुद्रा आला. विनिअर.

आपल्या भागात कॅम्पातल्या, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी छावणीतल्या, बंगल्यांतून हे सगळे घाट फिरले. पण मागची फळी बघा, खणाचा तळ बघा. भरीव सागवान. विलायतेहून आलेलं विनिअर इथल्या पावसात फुगायचं, सरस सुटायचा, म्हणून इथल्या सुतारांनी तोच घाट अख्ख्या सागवानात उतरवला. आपल्या घरांत तेव्हा पाटावर पंगत बसायची. साइडबोर्ड गेला पुढच्या खोलीत. वर रेडिओ, खाली लोणच्याच्या बरण्या. बाटल्यांच्या खणात तेलाचा डबा. ते तेलाचे गोल डाग आजही खणात असतात, आणि तेच मला घासून काढायला सांगतात.

आता खरं कारण.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी पहिलं घासायचं मशीन घेतलं. टिळकवाडीतल्या एका काकूंनी साइडबोर्ड दिला होता. गोल कडांचा, अक्रोडाच्या विनिअरचा. कॅम्पातलं बिऱ्हाड मोडणाऱ्या एका साहेबाकडून त्यांच्या यजमानांनी घेतलेला. काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "जरा पुसून द्या, चमक गेलीय." मीच त्यांना म्हटलं, "काकू, पुसून काय होतंय? आरशासारखा करतो बघा." मशीन फिरवलं. रंग उघडा पडत गेला तसा मला हुरूप आला. उजव्या बाजूला, गोल कडेपाशी, एक काळा डाग जाईना म्हणून तिथंच थोडं जास्त थांबलो. डाग गेला. त्याबरोबर अक्रोडही गेलं. हाताच्या तळव्याएवढी जागा एकदम फिकट झाली आणि तिथल्या रेषा आडव्या दिसायला लागल्या. खालचं लाकूड होतं ते. मशीनवर कापलेलं विनिअर एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून हात थांबला नाही.

मी रंग कालवला. बारीक ब्रशनं उभ्या रेषा काढल्या, वर लाख चढवली. दोन रात्री त्यात गेल्या. पोचवायला गेलो तेव्हा काकूंनी पदरानं सगळी फळी पुसली, आणि पदर बरोबर त्या जागी थांबला. "हे आधीपासून होतं का ओ?"

मी म्हणालो, "होय."

त्यांनी पैसे मोजून दिले. चहा केला. परत कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत, आणि घरातलं कुठलंही काम मलाच सांगत राहिल्या. त्याचंच जास्त लागतं.

तेव्हाचा मी आज समोर असता तर म्हणाला असता, "गिऱ्हाइकाला चकचकीत हवं असतं, तू कोण अडवणारा? वस्तू त्यांची." यावर माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. दोन वर्षांपूर्वी एका घरचा सागवानी साइडबोर्ड मी हट्टानं जसाच्या तसा, डागांसकट परत दिला. तो त्यांना आवडला नाही. महिन्याभरात भंगारवाला घेऊन गेला. पांढरा रंग मारून दिला असता तर आज तो एखाद्या घरात उभा असता. मग राखलं काय मी? त्याच्या उलट, वाळवीनं पोखरलेला पाय मी बिनदिक्कत कापून नवा बसवतो. म्हणजे सगळं जुनं मी राखतोच असंही नाही. एवढंच म्हणतो, गेलेलं पॉलिश परत चढतं. गेलेलं लाकूड येत नाही.

काकू गेल्या. मुलगा पुण्याला असतो, घर आवरायला आला तेव्हा साइडबोर्डची किंमत विचारायला मला बोलावलं. वर्षानुवर्षं खिडकीतलं ऊन खाऊन अक्रोड मधासारखं पिवळसर झालं होतं. माझा रंग तसाच काळपट राहिला होता. मी त्याला सगळं सांगितलं, आईला खोटं बोललो तेही. त्यानं वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"कुठं?" म्हणाला. "मला तर काय दिसत नाही."

मी त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.