पहिली फेरी झाली, पुढे काय? कन्सल्टिंग इंटर्नशिपचा माझा अनुभव

कन्सल्टिंग इंटर्नशिपच्या मुलाखतीची तयारी कशी करावी, हे सांगणारे उदंड आहेत. दोन फेऱ्यांच्या मधे माणूस जो लटकून राहतो, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. माझा सगळा राग त्या मधल्या काळावर आहे, तेव्हा लिहिणंही तिकडेच झुकणार.

आधीचं भराभर सांगते. एका पानाचा सीव्ही, अर्ज, मग ऑनलाइन चाचणी. मॅकिन्झी आणि बीसीजी या इतर कंपन्यांना व्यवसायाचा सल्ला देणाऱ्या, म्हणजे कन्सल्टिंग करणाऱ्या, मोठ्या फर्म. मॅकिन्झीची ‘सॉल्व्ह’ चाचणी गेमसारखी असते, तर बीसीजीची चॅटबॉटशी बोलत सोडवायची असते. म्हणून आपल्या वाट्याला कुठली चाचणी येणार हे आधी बघून घ्या. पहिल्या फेरीत थोडं स्वतःबद्दल, बाकी केस. म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण समोर ठेवतात आणि साधारण अर्ध्या तासात, समोरच्याशी बोलत बोलत, आपण ती सोडवायची. माझी फेरी बरी गेली.

आणि मग सगळं ठप्प. ज्या फर्मकडे अर्ज केला होता तिच्या पोर्टलवर ‘अर्ज विचाराधीन’ एवढी एकच ओळ. रिक्रूटिंग टीमला मेल केला, तर ‘लवकरच कळवू’. एकदाची दुसऱ्या फेरीची तारीख आली, तर आदल्या संध्याकाळी ती पुढे ढकलल्याचा मेल. नवी तारीख? ‘लवकरच’. उमेदवाराकडून दोन मिनिटांत मुद्देसूद उत्तर मागणाऱ्यांना स्वतः एक तारीख सांगता येऊ नये, हे मला आजही पटत नाही.

या काळात तयारीचं काय करायचं, हा खरा पेच. थांबावं, तर उद्याच बोलावलं तर काय? चालू ठेवावी, तर इतक्या केस होतात की समोरचा प्रश्न पुरा करायच्या आत आपल्या डोक्यात साचा तयार. आम्हा दोघींकडच्या (माझी सरावातली मैत्रीणही अशीच अडकली होती) छापील केस संपल्या. मग आम्ही एकमेकींसाठी केस रचायला लागलो. या सगळ्या मनस्तापातून हाती लागलेली चांगली गोष्ट ती हीच.

तिने रचलेली एक केस सांगते. कंपनीची विक्री वाढली, नफा घटला. किमती त्याच, खर्चाचे दरही तेच. उत्पन्न एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला, हा नेहमीचा साचा लावला तर हाताला काहीच लागत नाही. ‘कंपनी किती प्रकारचा माल विकते?’ असं विचारलं की गाठ सुटते. माल दोन प्रकारचा. एकावर ४० टक्के मार्जिन, दुसऱ्यावर १०. आधीची विक्री १००, त्यात पहिला ७० आणि दुसरा ३०; म्हणजे नफा २८ अधिक ३, ३१. आताची विक्री ११०, पण पहिला ५० आणि दुसरा ६०. नफा २० अधिक ६, २६. विक्री १० टक्क्यांनी वर आणि नफा साधारण १६ टक्क्यांनी खाली!

‘मीसी’ हे तत्त्व या क्षेत्रात सगळेच जपतात: मुद्दे एकमेकांत घुसू नयेत आणि काही सुटूही नये. मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी ते रुजवलं. उत्पन्न आणि खर्च ही विभागणी अगदी चोख मीसी आहे, तरी वरच्या केसमध्ये तिने काही साधलं नाही. केस रचताना हे फार लवकर कळतं, कारण कुठली माहिती झाकायची आणि नेमक्या कुठल्या प्रश्नावर ती द्यायची, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

आकडेमोडीचं सांगायचं राहिलं. कॅल्क्युलेटर मिळत नाही. आपलं डोकं चालतं लाख-कोटीत आणि केस येते मिलियन-बिलियनमध्ये. १ बिलियन म्हणजे १०० कोटी, हे पाठच हवं; पण केस सोडवताना मधेच एकक बदलू नका. शून्यांची माळ लावण्यापेक्षा आकड्यापुढे एकक लिहा. ४५० मिलियनचे ६ टक्के? १ टक्का ४.५, त्याची सहापट २७ मिलियन. हे मोठ्याने बोलत करायचं, म्हणजे चुकलं तरी कुठे चुकलं ते समोरच्याला दिसतं.

तारीख शेवटी कशाने मिळाली? मला दुसरीकडून ऑफर आली होती. तिला उत्तर द्यायची मुदत मी रिक्रूटिंग टीमला मेलमध्ये स्पष्ट कळवली, आणि दुसऱ्याच दिवशी वेळ ठरली. इतके दिवस ज्यांना कॅलेंडर सापडत नव्हतं, त्यांना ते अचानक सापडलं. मुदत खरी असेल तर बिनधास्त कळवा, संकोच करू नका. खोटी मात्र सांगू नका. ऑफरचा कागद मागितला तर पंचाईत.

दुसऱ्या फेरीत केसपेक्षा स्वतःच्या अनुभवावर जास्त खोदलं. एकच प्रसंग घेऊन ‘तू नेमकं काय म्हणालीस? तो ऐकेना, मग?’ असं बराच वेळ चाललं. पाठ केलेली गोष्ट इथे तिसऱ्या प्रश्नाला संपते. ‘आम्ही केलं’ म्हटलं की लगेच ‘त्यातलं तू काय केलंस?’ येतं. केसच्या शेवटी शिफारस विचारली, तेव्हा आधी उत्तर, मग कारणं, मग धोका, याच क्रमाने बोलले. इंटर्नशिप मिळाली.

आणि हो, शेवटी ‘तुला काही विचारायचं आहे?’ म्हणतात, त्याची तयारी ठेवा. वेबसाइटवर ज्याचं उत्तर आहे ते विचारू नका. माझ्या ओठांवर होतं, की तारीख ठरवायला तुम्हाला इतका वेळ का लागतो? ते गिळलं आणि त्यांच्या अलीकडच्या प्रोजेक्टमध्ये काम कुठे अडलं होतं ते विचारलं. त्यावर ते ठरलेली वेळ संपल्यावरही बोलतच होते.