आमची वाटचाल : बारा स्पॉट आणि एक सैल न्यूट्रल

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या हौशी मंडळांना स्पॉट, उजेड कमी-जास्त करणारे डिमर, लेव्हल (चौथरे), फ्लॅट (नेपथ्याच्या चौकटी), विंगा भाड्याने देणं हा आमचा धंदा. सुरुवात १००० वॉटचे ६ स्पॉट आणि ६ चॅनेलच्या एका डिमरवर झाली. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्या मातीत नाटकाच्या सामानावर घर चालवतो, याचा आम्हाला अभिमान आहे.

बऱ्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जत्रा आल्या, गाडी भरली, सामान परत आलं. धंदा बसायची वेळ आली ती एका रात्रीमुळे. तिचं कारण आजही चुकीचं सांगितलं जातं, म्हणून इथे नीट लिहितो.

खानापूर तालुक्यात जत्रेचं नाटक होतं. १२ स्पॉट म्हणजे १२ किलोवॅट. तीन फेजवर वाटले की फेजमागे साधारण १७ अँपिअर. जनरेटरला आमची केबल आयोजकांच्या वायरमनने जोडली. न्यूट्रलला, म्हणजे तिन्ही फेजचा करंट परत नेणाऱ्या तारेला, त्याने ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा आमच्या तांब्याच्या तारेवर पिळला आणि वर टेप गुंडाळली. असा जोड गंजतो, तापतो, सैल पडतो. त्यात डिमर अर्ध्यावर असले की तिन्ही फेजचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना पुरते कापत नाहीत, त्याच तारेवर भार वाढतो.

दुसऱ्या अंकात रात्रीचा प्रसंग. दोन फेजवर समोरचे स्पॉट, तिसऱ्यावर निळं जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावलेले दोनच, आणि ॲम्प्लिफायर. न्यूट्रल सुटला. तो सुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज चढतं; २३० ऐवजी ३०० च्या पार. निळा उजेड डोळ्यांदेखत पांढरा पडला, जिलेटीन आक्रसलं, त्या स्पॉटमधले दोन्ही हॅलोजन दिवे फुटले. डिमरची कार्डं जळली, ॲम्प्लिफायरही गेला. त्याची भरपाई आम्ही दिली.

पुढच्या हंगामात शहरातल्या एका प्रतिस्पर्ध्याने गावोगाव सांगितलं, की यांचं सामान जुनं, आग लागते. जळालेला जोड आम्ही जपून ठेवला होता, पण तो बघायला कोण येणार? सुपाऱ्या निम्म्यावर आल्या. आले ते एकटे मास्तर, शेजारच्या गावच्या मंडळाचे. नारळ आणि सुपारी पुढे ठेवली आणि म्हणाले, "सामान तुमचंच पाहिजे. जनरेटरची जोडणी मात्र तुमच्याच माणसाच्या हातची." ती अट आम्ही आजवर पाळतो. मास्तरांचं मंडळ दर जत्रेला आमच्याकडेच येतं.

मंडळांनी एवढं करावं. न्यूट्रल फेजच्याच जाडीचा घ्यावा, पातळ नाही, आणि त्यात फ्यूज कधीच घालू नये. जोड पिळून नको, तारेच्या टोकाला लग (धातूचं टोपण) दाबून बोल्टने आवळावा. सगळे स्पॉट चढवून प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मोजावं. एक फेज चढते आणि दुसरी उतरते असं दिसलं की लगेच मेन बंद. तिसरी घंटा थांबली तरी चालेल. हॅलोजन बोटांनी धरू नये. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथेच ती जास्त तापते आणि दिवा लवकर जातो. चुकून धरलाच तर स्पिरिटने पुसावा.

त्या प्रतिस्पर्ध्याने पुढे स्वस्त एलईडीचे ‘पार’ दिवे आणले आणि भाव पाडले. एलईडीला जनरेटर लहान लागतो, रंग बदलायला शिडी लागत नाही, हे खरंच. पण लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या त्या पांढऱ्यात पॅनकेक मेकअप लावलेला चेहरा मातकट दिसतो. फेड (उजेड हळूहळू उतरवणं) संपताना एलईडी दिवा टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, आणि प्रयोगाच्या व्हिडिओत पट्टे सरकतात. हॅलोजन उतरताना आपोआप सोनेरी होत जातो. संध्याकाळ त्यानेच होते. आम्ही मागून एलईडी देतो, चेहऱ्यावर हॅलोजनच.

सिनेमाही आम्ही उजेडासाठीच बघतो. नाकाची सावली कुठल्या गालावर पडते ते बघा, दिवा कुठे आहे ते कळतं. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी छायालेखक सुब्रत मित्रांनी वाड्याच्या चौकाच्या सेटवर पांढरं कापड ताणलं, खालून दिवे त्यावर मारले आणि परतलेल्या उजेडात चित्रण केलं. त्यात गडद सावली जवळजवळ नाहीच. रंगमंचावर हा उजेड पसरतो, विंगा आणि रंगवलेला पडदा उघडा पाडतो, म्हणून सरसकट चालत नाही. पण आजाऱ्याच्या खाटेचा प्रसंग असेल आणि मागचा पडदा ८-१० फूट लांब असेल, तर पुढच्या झालरीमागे (वरून सोडलेल्या आडव्या पट्टीमागे) पांढरी सुती चादर तिरपी बांधावी आणि दोन्ही विंगांतून एकेक स्पॉट तिच्यावर मारावा. चादर स्पॉटपासून किमान ४ फूट दूर हवी, नाहीतर करपते.