केयी आणि केळी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सर्वांत आधी आठवला तो एक शब्द, ज्यावरून आठवीत असताना मी माझ्या वडिलांना चारचौघांत दुरुस्त केले होते.

आमच्या घरी लेवा गणबोली, म्हणजे जळगावकडच्या लेवा समाजाची बोली, बोलत. या बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळा म्हणजे डोया, काळी माती म्हणजे कायी माती. यावल तालुक्यातल्या खेड्यातून मी या शाळेत आलो, तेव्हा अधिकाऱ्यांच्या मुलांचे बोलणे ऐकून इतका बुजलो की रोज शाळेच्या वाटेवर 'ळ' घोकत असे. पुढे वक्तृत्वात बक्षिसे मिळू लागली, आणि घरचे बोलणे लपवण्याच्या त्या धडपडीलाच मी प्रगती समजू लागलो.

पालकसभेला अप्पा बागेतून थेट आले. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळपट डाग होते, जे कितीही धुतले तरी जात नाहीत. वर्गशिक्षकांनी शेतीची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "औंदा केयीले पानी कमी पडलं." मागे कोणी तरी हसले आणि मी मोठ्याने म्हणालो, "केयी नाही अप्पा, केळी म्हणा." त्यांनी 'केळी' असे एकदा सावकाश म्हणून पाहिले, आणि सभा संपेपर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत.

मराठीच्या सरांनी हे ऐकले असावे, पण ते मला रागावले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी बहिणाबाई चौधरींची कविता शिकवायला घेतली आणि मला उभे केले. "मी कोकणातला, मला हे नीट जमत नाही. हे तुझ्या घरचं मराठी आहे, तू वाच." मी वाचू लागलो, आणि सवयीने 'ळ' म्हणालो, तेव्हा सरांनी थांबवले. "तिथे 'य' आहे. बाईंनी जसं म्हटलं तसंच म्हण." मग त्यांनी सांगितले की जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईंना अक्षरओळखही नव्हती, त्यांची गाणी घरातल्या माणसांनी टिपून ठेवली म्हणून उरली, आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली. ती छापताना कोणी 'शुद्ध' केली असती तर त्यांत बहिणाबाई किती उरल्या असत्या, हा प्रश्न त्या तासापासून माझ्याबरोबर आहे. सरांचे हे ऋण मी फार मोठे मानतो.

अप्पांशी मात्र त्या सभेविषयी मी कधी बोलू शकलो नाही. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले, ती बातमी मी त्यांना फोनवर वाचून दाखवली. "चांगलं झालं," एवढेच ते म्हणाले. मग मी विचारले, "अप्पा, औंदा केयीले भाव काय लागला?" पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही, आणि नंतर ते बराच वेळ बोलत राहिले.