पाकिटावर छापलेली सीमा: केर्नरायन ते न्युरी

स्कॉटलंडमधल्या केर्नरायन बंदरातून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला बोटीने जायला सव्वादोन तास लागतात. दोन्ही किनारे एकाच देशाचे, म्हणजे ब्रिटनचे, खिशातले पौंड दोन्हीकडे चालतात आणि उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारायला कोणी बसलेलं नसतं. तरीही 1 जानेवारी 2021 पासून या अरुंद समुद्रातून एक व्यापारी सीमा जाते. माझी मामेबहीण बेलफास्टमध्ये फार्मासिस्ट आहे. तिच्याकडे विमानाने लवकर पोचता आलं असतं, पण ज्या वाटेने माल जातो त्याच वाटेने मला जायचं होतं.

बंदरावर प्रवाशांचं फक्त ओळखपत्र पाहतात. माझ्या बॅगेला कोणी हातही लावला नाही. पलीकडे मात्र ट्रकांची लांबलचक रांग होती आणि खरा हिशेब तिथे चालतो. बोटीवर चहा घेताना शेजारी एक ट्रकचालक बसले होते. सुपरमार्केटचा माल नेत होते: दूध, पाव, तयार जेवणाची पाकिटं, फळं, सगळं एकाच ट्रेलरमध्ये. ते म्हणाले, "सुरुवातीच्या नियमांनी अशा मिसळ मालाचे फार हाल केले." एकेका खाद्यपदार्थासाठी वेगळं प्रमाणपत्र, त्यावर पशुवैद्यकाची सही, आणि एका कागदात चूक निघाली की सगळा ट्रेलर अडकायचा. 27 फेब्रुवारी 2023 रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी विंडसरमध्ये नवी व्यवस्था जाहीर केली. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून ती लागू व्हायला लागली. जो माल उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणार आहे तो 'हिरव्या' मार्गाने, थोडक्या कागदांवर जातो. जो पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाऊ शकतो त्याला 'लाल' मार्ग, म्हणजे युरोपियन युनियनची पुरती तपासणी. नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याला आता अख्ख्या ट्रेलरला एक सर्वसाधारण प्रमाणपत्र पुरतं.

हा सगळा खटाटोप का, हे आयर्लंडच्या नकाशावर लगेच कळतं. 2016 च्या सार्वमतानंतर 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला. आयर्लंड प्रजासत्ताक आत राहिला. उत्तर आयर्लंड आणि हे प्रजासत्ताक यांच्यामध्ये सुमारे 500 किलोमीटरची जमिनीवरची सीमा आहे आणि ती दोनशेहून अधिक रस्त्यांनी ओलांडता येते. 10 एप्रिल 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर, म्हणजे उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवायच्या शांतता करारानंतर, तिथले लष्करी नाके हळूहळू उठले. ते पुन्हा उभे करायची कोणाचीच तयारी नव्हती. मग मालाची तपासणी समुद्राकडे सरकवली. मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड आजही युरोपियन युनियनचे बरेचसे नियम पाळतो, आणि त्याच वेळी ब्रिटनच्या सीमाशुल्क क्षेत्रातही आहे. एकाच प्रदेशाने दोन घरांचे नियम सांभाळायचे, असं हे आहे.

बोटीवर आणखी एक जण लक्षात राहिली: एक स्कॉटिश आजी, पायाशी म्हातारा स्पॅनियल कुत्रा. तिच्या हातात त्याच्या प्रवासाचा कागद होता. 4 जून 2025 पासून उत्तर आयर्लंडसाठी पाळीव प्राण्यांची ही योजना सुरू झाली. कुत्र्याला मायक्रोचिप हवी आणि हा कागद हवा. कागद फुकट मिळतो आणि त्या कुत्र्याला जन्मभर चालतो. पण आजीचा मुलगा राहतो डॉनेगलला, सीमेपलीकडे. तिथे जायचं म्हटलं की हा कागद कामाचा नाही. रेबीजची लस, पशुवैद्यकाकडून आरोग्य प्रमाणपत्र आणि आयर्लंडमध्ये शिरण्याआधी 24 ते 120 तासांच्या आत टेपवर्मचं औषध, एवढं सगळं लागतं. ते प्रमाणपत्र प्रत्येक फेरीला नव्याने काढायचं आणि त्याचे पैसेही प्रत्येक वेळी मोजायचे. म्हणून मुलगाच बेलफास्टला येऊन तिला भेटणार होता. मायलेकांच्या भेटीची जागा असल्या कलमांनी ठरावी याचं मला फार वाईट वाटलं.

बेलफास्टमध्ये पोचल्यावर संध्याकाळी बहिणीबरोबर किराणा आणायला गेले. चीजच्या फडताळासमोर तिने एक पाकीट उलटं करून दाखवलं. किमतीच्या पट्टीखाली, चौकोनात, तीन शब्द: 'नॉट फॉर ईयू'. युरोपियन युनियनमध्ये विक्रीसाठी नाही. मग मी प्रत्येक फडताळात तेच शोधत सुटले. सॉसेजवर होतं, दुधावर होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये मांस आणि काही ताज्या दुधापासून याची सुरुवात झाली, वर्षभराने बाकीचे दुग्धजन्य पदार्थ आले आणि जुलै 2025 पासून मासे, काही फळं-भाज्या असे इतरही पदार्थ आले. गंमत म्हणजे हे शब्द मी आधी स्कॉटलंडमधल्या दुकानातही पाहिले होते. तिथे ते सक्तीचे नाहीत, पण एका कारखान्यात दोन प्रकारची वेष्टनं छापण्यापेक्षा सरसकट एकच छापणं काही उत्पादकांना परवडतं. बहीण म्हणाली, पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा दुकानात लोक विचारायचे, की हे हलक्या प्रतीचं आहे का? तसं मुळीच नाही. चीज तेच आहे. त्याने सीमेच्या दक्षिणेला विक्रीला जाऊ नये, एवढाच त्या तीन शब्दांचा अर्थ.

तिच्या दुकानातल्या औषधांच्या खोक्यांवर वेगळा शिक्का असतो, 'यूके ओन्ली'. तो 1 जानेवारी 2025 पासून. औषधाबद्दल बोलताना तिचा सूर बदलला. आधीच्या व्यवस्थेत भीती अशी होती की ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेलं नवं औषध उत्तर आयर्लंडमधल्या रुग्णाला वेळेवर मिळणार नाही, कारण इथे युरोपची वेगळी मान्यता लागेल. आता ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेची मान्यता सगळ्या देशाला चालते. "ताई, चीज नाही मिळालं तर माणूस दुसरं खातं. गोळीचं तसं नसतं गं," ती म्हणाली. या सगळ्या वाटाघाटींत काही एक गोष्ट नीट झाली असेल तर ती ही, असं तिचं मत आहे, आणि मला ते पटलं.

घरी मात्र तिची तक्रार पार्सलांची होती. तिने लॅपटॉप उघडून दाखवलं. हाताने साबण बनवणारा इंग्लंडमधला एक छोटा विक्रेता; पत्त्यात बेलफास्टचा पिनकोड घातला की 'या भागात पाठवत नाही'. लाकडी खेळणी बनवणारा दुसरा, तिथेही तेच. 13 डिसेंबर 2024 पासून युरोपियन युनियनचा वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा नियम उत्तर आयर्लंडलाही लागू झाला. विक्रेत्याने युरोपियन युनियनमध्ये किंवा उत्तर आयर्लंडमध्ये एक जबाबदार प्रतिनिधी नेमावा, असं त्यात आहे. मोठ्या कंपनीला हे सहज जमतं. घरच्या टेबलावर वस्तू बनवून विकणाऱ्याला महिन्याच्या चार-पाच पार्सलांसाठी प्रतिनिधी ठेवणं परवडत नाही, म्हणून तो सरळ इथलं गिऱ्हाईक सोडून देतो. 1 मे 2025 पासून दुकानांनी पाठवलेल्या पार्सलांची माहिती कुरिअर कंपन्यांना सीमाशुल्क विभागाकडे द्यावी लागते, तेही आहेच. मावशीने भाचीला पाठवलेल्या भेटीला मात्र कसला फॉर्म लागत नाही, हे बरं झालं.

या सीमेबद्दल मला सगळ्यात खटकतं ते हेच. नियम सगळ्यांना सारखे असले तरी त्यांचं ओझं सारखं पडत नाही. सुपरमार्केटचं काम त्यांचं संगणकखातं करून टाकतं. छोटा विक्रेता आणि त्याचं दूरचं गिऱ्हाईक यांची मात्र कायमची ताटातूट होते.

बागेचं तसंच. बहिणीला परसात भाज्या लावायची हौस आहे. स्कॉटलंडचं बटाट्याचं बेणं इथे पिढ्यानपिढ्या लावलं जायचं. 2021 मध्ये ते येणंच बंद झालं. समुद्र तोच, शेतकरी तेच, पण बेणं आता परदेशी ठरलं. 2023 च्या व्यवस्थेत खास लेबल लावून ते पुन्हा यायला लागलं, पण ती सोय व्यावसायिक शेतकऱ्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी. घरच्या बागेसाठी टपालाने बियाण्याची चार पाकिटं मागवायची तर ब्रिटनमधले बरेच विक्रेते आजही नाही म्हणतात.

एक दिवस मी एकटीच दक्षिणेला, आयर्लंड प्रजासत्ताकातल्या डंडॉकला गेले. उत्तरेकडचं सीमेजवळचं न्युरी सोडून बस पुढे निघाली आणि मी खिडकीला चिकटून बसले. नाका नाही, फाटक नाही, झेंडाही नाही. आधी वेगमर्यादेच्या पाट्यांवर मैलांच्या जागी किलोमीटर आले. मग रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी झाली. मग गावांची नावं इंग्रजीबरोबर आयरिशमध्येही दिसायला लागली, आणि फोनवर नव्या नेटवर्कचा संदेश आला. झालं, देश बदलला.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी मात्र या मोकळेपणावर विसंबू नये. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या सामायिक प्रवास क्षेत्रात व्हिसाशिवाय फिरण्याची मुभा त्या दोन देशांच्या नागरिकांना आहे, आपल्याला नाही. आपल्यासाठी 2015 पासून ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसावर त्या योजनेची 'बी-आय-व्ही-एस' ही खूण असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरावं लागतं. सगळ्या प्रकारच्या व्हिसांना ही खूण मिळत नाही, तेव्हा निघण्याआधी आपल्या व्हिसावर ती आहे का ते बघा. सीमेवर कोणी विचारत नाही म्हणून खुशाल जाऊ नका. आयरिश पोलीस, ज्यांना तिथे गार्डा म्हणतात, अधूनमधून बसमध्ये आणि आगगाडीत चढून कागद तपासतात. माझ्या बसमध्ये कोणी चढलं नाही, पण पासपोर्ट मी हातातच ठेवला होता.

खरेदीचीही एक गोष्ट सांगते, कारण आपल्याकडच्या फार थोड्या प्रवाशांना ती माहीत असते. परदेशी पर्यटकाला खरेदीवरचा व्हॅट परत मिळायची सोय इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये 2020 च्या अखेरीस बंद झाली. उत्तर आयर्लंडमध्ये ती चालू आहे. व्हॅट 20 टक्के, म्हणजे रक्कम लहान नाही. दुकानाने योजनेत भाग घेतलेला असावा लागतो, फॉर्म खरेदीच्या वेळीच भरून घ्यावा लागतो आणि परत जाताना सीमाशुल्क विभागाचा शिक्का लागतो. बेलफास्टला मी लिननचे टेबलक्लॉथ घेतले. पहिल्या दुकानात ही सोय नव्हती, दुसऱ्यात होती. विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

परतीच्या वाटेवर न्युरीला उतरले. इथल्या मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर गाड्यांच्या नंबरपाट्या वाचण्यात माझा अर्धा तास गेला. उत्तरेच्या गाडीची मागची पाटी पिवळी, दक्षिणेची पांढरी, डावीकडे निळी पट्टी आणि मध्ये काउंटीची अक्षरं. 'एल-एच' म्हणजे लाउथ, 'डी' म्हणजे डब्लिन. दोन्ही भरपूर होत्या. आयर्लंडने 4 जानेवारी 2022 पासून दारूची किमान किंमत कायद्याने ठरवली, उत्तरेत तसा कायदा नाही. त्यामुळे दक्षिणेकडून येणाऱ्यांच्या डिकीत बाटल्यांचे खोके हमखास दिसतात. असं इकडून तिकडे जाणं इथे जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धात दक्षिणेत माणशी आठवड्याला जेमतेम 14 ग्रॅम चहा मिळायचा आणि उत्तरेत लोणी मोजून मिळायचं, तेव्हा सायकलींवरून चहा खाली आणि लोणी वर जायचं. पकडलं गेलं तर माल जप्त व्हायचा. 1923 पासून 1992 च्या अखेरपर्यंत या रस्त्यांवर जकातीचे नाके होते.

त्या नाक्यांपैकी एकाची आठवण न्युरीतली मोठी माणसं आजही काढतात. 22 ऑगस्ट 1972 रोजी इथल्या सीमाशुल्क ठाण्यात आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब वेळेआधीच फुटला आणि नऊ माणसं गेली. बॉम्ब आणणारे तिघं, दोन ट्रकचालक आणि ठाण्यावरचे चार कारकून. कारकून आपले कागद तपासत होते आणि ट्रकवाले शिक्क्याची वाट पाहत होते. हे ऐकल्यावर चीजच्या पाकिटावरच्या तीन शब्दांचा माझा राग बराच निवळला. सामान तपासायचंच असेल तर ते बंदरावर तपासा, वेष्टनावर लिहा, संगणकात भरा, पण या रस्त्यावर खांब रोवू नका, असं मलाही मनापासून वाटतं.

वेष्टनावरचं लिखाण मात्र कमी होऊ शकतं. 19 मे 2025 रोजी लंडनमधल्या बैठकीत ब्रिटन आणि युरोपियन युनियन यांनी अन्नपदार्थ, वनस्पती आणि प्राणी यांच्या नियमांवर सामायिक करार करायचं ठरवलं. तो झाला तर केर्नरायनच्या रांगेतले बरेच कागद गळतील, बियाण्याची वाट सोपी होईल आणि बोटीवरच्या त्या आजीलाही डॉनेगलला जाणं सुकर होईल. साबण आणि खेळणी त्या करारात येत नाहीत. छोट्या विक्रेत्यांच्या ठरावीक रकमेखालच्या पार्सलांना प्रतिनिधीच्या अटीतून सूट द्यावी, असं बहिणीचं म्हणणं आहे. आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला तिने तसं पत्र लिहिलंय.