हॅटचा आकार सुचतो कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. "दर वेळी नवा आकार तुम्हाला सुचतो कुठून?" हॅट करून घ्यायला येणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. तेव्हा माझे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि उत्तर अर्धवट राहतं. आज नीट देते.

कागदावर मला आकार सुचत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी वह्याच्या वह्या भरून चित्रं काढली. त्यातली फार थोडी कुणाच्या डोक्यावर चढली, कारण चित्रातल्या हॅटखाली माणूसच नव्हता.

म्हणून मी आधी डोकं बघते. टेप कपाळावरून, कानांच्या जरा वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवायची. समजा ५७ सेंटिमीटर आलं. पण ५७ची दोन डोकी सारखी नसतात. एखादं पुढून मागे लांबट असतं, एखादं बरंचसं गोल. लांबट डोक्यावर गोल हॅट घातली की ती कपाळाला नि मागे रुतते आणि कानांपाशी फट राहते. वाकवाल तशी राहणारी एक पट्टी माझ्याकडे आहे. ती डोक्याभोवती दाबून तो घेर कागदावर उतरवून घेते. आपलं डोकं इतकं वाकडंतिकडं आहे हे बहुतेकांना तेव्हाच कळतं.

एक गृहस्थ आले होते. त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नसे. समोरचा बोलू लागला की ते मान किंचित खाली घालून डावा कान पुढे करत, आणि डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून त्याच्या तोंडाकडे बघत. सरळ कडेची हॅट घालून दिली, तर डावी कड नेमकी त्या नजरेच्या आड आली. मग मी ती वाफेवर धरली, कानाच्या पुढून वर वळवली आणि मागे हलकेच उतरती सोडली. हॅट घातल्यावर ते आरशाकडे वळले नाहीत, आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "आता बोला." तो आकार मी वहीत जन्मभर काढला नसता.

उरलेला वाटा फेल्टचा, म्हणजे ज्या जाड कापडाची मी हॅट करते त्याचा. फेल्ट विणलेलं नसतं. लोकरीच्या किंवा सशाच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि केसांचा घट्ट थर तयार होतो. उभा-आडवा धागाच नसल्यामुळे तो शिवण न घालता हव्या त्या दिशेला ताणता येतो. वाफ पुरेशी मुरली की फेल्ट मऊ पडतं, आणि ते निवायच्या आत ते लाकडी ब्लॉकवर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या साच्यावर ओढून, बुडाशी दोरीनं आवळून, अंगठ्यांनी सुरकुत्या खाली उतरवायच्या असतात. त्या थोड्या वेळात विचार करायला सवड नसते. हात जे करतात ते करतात, आणि माझ्या चांगल्या घड्या तिथंच पडल्या आहेत. जबरदस्ती केली तर फेल्ट त्या जागी पातळ होतं आणि ते पुन्हा जाड होत नाही.

त्या वाफेसमोर उभी असताना मला जुने कारागीर फार आठवतात. सशाचे केस नीट जुळावेत म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याचं रसायन लावत. त्या वाफांनी कामगारांचे हात कापायला लागत, बोलणं अडखळे, मन थाऱ्यावर राहत नसे. अमेरिकेत हा प्रकार १९४१ सालापर्यंत चालला. माझ्या किटलीत नुसतं पाणी आहे. ज्या हातांनी ही विद्या इथवर आणली त्यांना तेवढंही मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

रिबिनीबद्दलही विचारता तुम्ही. मी ग्रोग्रेनच वापरते, म्हणजे बारीक आडव्या रेघा उठलेली रिबीन. ती ओली करून इस्त्रीखाली हळूहळू वळवली की कमानीसारखी होते आणि माथ्याच्या बुडाशी सुरकुती न पडता बसते. सॅटिन तसं वळत नाही.

आत्ता ब्लॉकवर एक करडं फेल्ट वाळतंय. माथ्याला मधोमध घडी घालायचं ठरलं होतं, पण दाबताना ती बोटभर डावीकडे सरकली आणि तिथं छान बसली. मी ती तशीच ठेवली आहे. उद्या दोरी सोडेन. जिच्यासाठी केली ती आली की आधी तिच्या डोक्यावर ठेवून बघू, रिबिनीचं त्यानंतर.